आसाला पहिलं पाणी

खटकचिंचोळी
१८ ऑगस्ट २०२४

वीरेश,

तुझा अप्पा लिहायलाय. फोनचा नंबर तू बदललास, आन् नसता बदललास तरी काय उपयोग? मला ऐकू येत न्हाई. एवढ्या वर्षांच्या ग्राइंडरनं आन् घणानं कान खाऊन टाकले. कानाशी येऊन कुणी मोठ्यानं बोललं तर कळतं, फोनमधलं काईच कळत न्हाई. म्हणून हे पत्र. अक्षर वाकडं हाय, पण तुला सवय हाय त्याची.

पत्ता प्रशांतकुमारनं दिला. तुरीची गाडी घेऊन तो हैदराबादला आलता, तवा तू त्याला गोदामात पोती उचलताना दिसलास म्हणं. पोती उचलण्यात कमीपणा न्हाई. तुझ्या आज्यानंबी दुकान टाकायच्या आधी हमाली केली. पण पुढचं जे त्यानं सांगितलं त्यानं माझं डोकं फिरलं. गोदामातली ढकलगाडी मोडली, मालकानं वेल्डिंगची मशीन आणून ठेवली, तुझ्या हातात होल्डर दिला, आन् तू म्हणलास, माझ्या हातानं होत न्हाई.

कामून होत न्हाई? ट्रॉलीची साटी, पेरणीची पाभर, कडब्याची मशीन, बोअरचे पाइप, सगळं तुझ्या हातानं झालंय. भालकीपर्यंतचे लोक काम घेऊन यायचे आन् मला विचारायचे, तुमचा पोरगा हाय का. मी समोर बसलेला असताना. मला राग यायचा आन् बरंबी वाटायचं.

आता नीट वाच. ढकलगाडीचा पाइप पातळ असतो. आधी रंग खरवडून काढ, लोखंड उजळ दिसेपर्यंत. रंगावर मारलेलं वेल्डिंग म्हंजे नुसता देखावा. वेल्डिंगची बारीक कांडी घे, करंट उतरव, आन् एका दमात ओढत जाऊ नकोस, भोक पडंल. एक टाका मार, लाली उतरू दे, मग समोरच्या बाजूला दुसरा. समोरासमोर टाके पडले की पाइप एका अंगाला ओढला जात न्हाई. पाइप जस्ताचा असला तर जस्त घासून काढल्याशिवाय ठिणगी पाडू नकोस. तो पांढरा धूर छातीत बसला की रात्रभर हुडहुडी भरते, तुला ठाऊक हाय.

जत्रेत झालं ते लई वाईट झालं. आपल्या वाडीच्या रथाचा आस मोडला, चाक निखळलं, आन् चाकाला ठोकळे लावणारा अंकुशराव त्याच्याखाली गेला. आस तू जोडला होतास. तू त्याच्या मातीला गेलास आन् तिथूनच परस्पर निघून गेलास, घराकडं वळून बघितलं न्हाईस. त्यावर मी तुला काई बोलत न्हाई. पण एक काम मोडलं म्हणून माणसाचे हात मोडत नसतात.

अव्वा बरी हाय. आईचा जीव, प्रशांतकुमारची गाडी निघाली की ती रस्त्यात उभी राहते, शेंगाची चटणी दे, लसणाची दे. ती तुझ्यापर्यंत पोचते का तोच खातो, ते कळव.

अप्पा


खटकचिंचोळी
२० सप्टेंबर २०२४

वीरेश,

उत्तर न्हाई. ठीक हाय. ढकलगाडी अजून तारेनं बांधूनच चालवायलेत म्हणं. तारेनं. बंडेप्पा वेल्डरचा पोरगा तिथं असताना. हे मी कुणाला सांगू?

सोयाबीन काढायला आलंय, मळणीयंत्रांची गर्दी सुरू झाली. एकट्यानं उरकत न्हाई. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चांगलं दिसतं, पण वाकलं की कंबर बोलते.

मी नौबादला शैलश्रीकडं त्या ऑपरेशनसाठी पडून होतो, म्हणून आसाचं काम तुझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं. मी हिरवी पट्टी बांधून तुझ्या बहिणीच्या घरी बसलेला, आन् तू हिथं देवाचं काम करायलास. आता गावात म्हणतात, बापानं केलं असतं तर टिकलं असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. महादेवप्पाबी तेच म्हणतो. तो जत्रा कमिटीचा प्रमुख, म्हणून सगळे मान डोलवतात.

मला ते सहन होईना. काल मी देवळामागं गेलो. मोडलेला आस तिथंच गवतात पडलाय, त्याला कुणी हात लावत न्हाई. मी घासून साफ केला आन् मोडलेलं तोंड उन्हात धरून बघितलं.

बाबा रे, तुझं वेल्डिंग मोडलेलंच न्हाई. मुळापर्यंत भरलंय, कुठं कांडीची खपली अडकली न्हाई, कुठं भोक न्हाई. मीबी यापेक्षा चांगलं करू शकलो नसतो, हे मी लिहून देतो, कारण तोंडानं मी कधी म्हणणार न्हाई. आस मोडलाय वेल्डिंगच्या शेजारी, मूळ लोखंडात. अर्धचंद्रासारखा एक भाग काळा-तांबडा पडलाय, बाकीचा घासल्यावर चकचकीत निघाला. काळा भाग म्हंजे आधीची भेग. चकचकीत ते जत्रेत तुटलेलं. भेग रथ ओढायच्या आधीच आत पडली होती, पण वरून दिसण्यासारखी न्हाई.

भेग कशानं पडली ते मला कळलंय. ते लिहावं का न्हाई याचा विचार करायलोय. लिहिलं की परत घेता येत न्हाई.

अप्पा


खटकचिंचोळी
६ ऑक्टोबर २०२४

वीरेश,

लिहायचं ठरवलंय. तुझी अव्वा कन्नड वाचते, मराठी वाचत न्हाई, म्हणून ही छाती झाली. हे पत्र वाचून चुलीत घाल.

आसाचं लोखंड साधं नसतं. साध्या अँगलवर गरम असताना पाणी मारलं तर फारसं बिघडत न्हाई, आसाच्या लोखंडावर मारलं तर त्याची काच होते. म्हणून आधी तापवायचं. किती? बाभळीची वाळकी काडी घासली की काळी रेघ उठंल इतकं. मग कांड्या शेकून घ्यायच्या, काम करायचं, आन् झालं की राखेत पुरून टाकायचं. दुसऱ्या दिवशी हात लावायचा, तोवर वारंबी लागू द्यायचा न्हाई. हे सगळं तुला मी शिकवलंय आन् तू तसंच केलंस. तुझ्या काडीच्या रेघा आस घासताना मला दिसल्या. राखेचा ढीगबी दुकानामागं तसाच हाय. मधेच उकरलेला.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक हाय. देवाचं काम दुकानाबाहेर जायच्या आधी घरच्या बाईनं त्याला पहिलं पाणी घालायचं, विभूती लावायची. माझी अव्वा घालायची, ती गेल्यावर तुझी अव्वा. मी असलो की काम गार झाल्याशिवाय राखेतून निघतच न्हाई, मग पाणी घाला न्हाई तर दूध. तिला हे सांगायची कधी वेळच आली न्हाई.

अंकुशराव गेल्याचं कळलं तसा मी नौबादहून आलो. ती दारातच बसली होती. माझ्या कानाशी तोंड आणून रडत म्हणाली, "माझ्या लेकाचं पहिलं मोठं काम. मी माझ्या हातानं पहिलं पाणी घातलं, विभूती लावली. चर्र वाजलं, मला वाटलं बसवण्णाच बोलला. तरी देवानं असं कामून केलं ओ?"

चर्र वाजलं म्हणाली. म्हंजे आस गरम होता, ही शंका मला तवाच आली, खात्री मोडलेलं तोंड बघून झाली. मी तिला पाणी प्यायला दिलं आन् आत नेलं.

अजून ती हेच विचारते. जेवताना विचारते, निवडताना विचारते, देवघरात बसून देवाला विचारते. तिनं देवावर रुसून सोमवार सोडलेत. जिनं कधी सोमवार मोडला न्हाई ती.

आता तू सांग मी काय करू. गावाला खरं सांगितलं तर तू सुटतोस, मान वर करून घरी येतोस, दुकानात बसतोस. आन् ती? अंकुशरावची नागूबाई रोज आपल्या दारावरून पाण्याला जाते. तुझी अव्वा तिच्या पायातला काटा काढून देणारी बाई. तुझ्या अव्वाला कळलं की आपल्या तांब्यानं नागूबाईचा मालक गेला, आन् आपल्याच तांब्यानं आपलं लेकरू गाव सोडून गेलं, तर ती जगणार न्हाई. मी वाढवून-चढवून लिहीत न्हाई. मी तिच्याशी संसार केलाय.

इकडं आड आन् तिकडं विहीर म्हणतात ते हेच. तुझी चूक न्हाई, एवढं तरी तू जाणून घे. होल्डर हातात धर. ती ढकलगाडी जोड.

अप्पा


खटकचिंचोळी
३ नोव्हेंबर २०२४

वीरेश,

तुझं पत्र आलं. शेडमध्ये उभं राहूनच वाचलं, गिऱ्हाईक ताटकळत ठेवलं.

तू लिहिलंस, "अप्पा, मला ठाऊक होतं. मी तिथंच उभा होतो. बायका आरती घेऊन आल्या, अव्वा पुढं होती. तिनं हातानं राख बाजूला केली आन् तांब्या ओतला. मी थांब म्हणेपर्यंत झालं होतं. ती इतकी खूश होती. मग मी रॉकेल लावून, खडू फासून बघितलं, भेग दिसली न्हाई. वाटलं निभावलं."

अरे, रॉकेलनं आन् खडूनं वरची भेग दिसते. आतली दिसत न्हाई, आन् ती कधी कधी दुसऱ्या दिवशी पडते. हे मी तुला शिकवलं नव्हतं, कारण अशी वेळ आपल्यावर कधी आलीच न्हाई. रथ सकाळी निघायचा होता, पाहुणे आले होते, तुझ्या जागी मी असतो तरी एवढंच केलं असतं.

आन् पुढं लिहिलंस, तिला कळू देऊ नका, मी गावात आलो की लोक विचारणार, बोलता बोलता कुणाच्या तोंडून निघंल, त्यापेक्षा मी हिथंच बरा. म्हंजे तू लाजून पळाला न्हाईस. तू आईसाठी गेलास. मी तुला भित्रा समजत होतो. तुझ्या अव्वाजवळ तसं बोललोबी. ते वाईट वाटतंय.

पण ऐक, तू तिथं बसून आता भागणार न्हाई. नवीन आस बिदरच्या लेथवाल्याकडं करायला दिलाय. तो माप घ्यायला वाडीत आलता. जुना आस त्यानं उलटापालटा करून बघितला आन् देवळापुढं दहा माणसांत म्हणाला, याच्यावर गरम असताना कुणीतरी पाणी मारलंय. मी जवळच होतो, त्याचे ओठ मला कळले. जाणता माणूस हाय, त्याचं चूक न्हाई.

त्या दिवसापासून गावात तेच चाललंय. कुणी मारलं पाणी? आरतीला गेलेल्या बायकांना आठवायला किती वेळ लागणार? आज आठवंल न्हाई तर उद्या. महादेवप्पानं पुढच्या सोमवारी देवळात बैठक बोलावलीय.

काल तुझी अव्वा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मधेच थांबली, माझ्याजवळ सरकली आन् विचारलं, "पाण्यानं लोखंड मोडतं का ओ?"

मी म्हणलं, खुळी हायस का, पाण्यानं लोखंड मोडलं असतं तर पावसाळ्यात एक नांगर शिल्लक राहिला नसता. ती हसली न्हाई. मग परत शेंगा सोलायला लागली, पण दाणे फोलपटात टाकायली आन् फोलपटं टोपल्यात.

सोमवारच्या आत काईतरी करावं लागंल. काय करायचं ते माझ्या मनात आलंय. तुला आधी विचारत न्हाई, तू नको म्हणशील.

अप्पा


खटकचिंचोळी
२४ नोव्हेंबर २०२४

वीरेश,

हे पत्र शांतपणे वाच, कारण यातलं तुला पाठ करावं लागंल.

त्या सोमवारी देवळात सगळे जमले. बायका मागं पायऱ्यांवर होत्या, तुझी अव्वाबी. महादेवप्पानं लेथवाल्याचं बोलणं सांगितलं आन् विचारलं, कुणाला काई ठाऊक हाय का. कुणी बोलायच्या आत मी उठलो.

मी सांगितलं, लेथवाला बरोबर बोलतो, पाणीच हाय ते. पण वरून मारलेलं न्हाई, कांड्यांतलं हाय. मी ऑपरेशनला जाताना वीरेशला कांड्यांची पेटी काढून दिली, ती गेल्या पावसात भिजलेली होती. पोरगा म्हणला कांड्या शेकून घेतो, आस तापवून घेतो. मी म्हणलं एवढे चोचले नको, जत्रा तोंडावर आलीय, हाय तसं मार. त्यानं बापाचं ऐकलं. चूक माझी हाय. मी एवढे दिवस तोंड शिवून बसलो आन् पोराला जाऊ दिलं.

खोटं बोलायला मला कधी जमलं न्हाई, पण हे जमलं, कारण यातलं लोखंडाचं सगळं खरं हाय. ओल्या कांडीनं तशीच भेग पडते. लेथवाल्याला नेऊन विचारलं तरी तोबी व्हय म्हणंल.

महादेवप्पानं जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग कानाशी म्हणाला, "बंडेप्पा, तू?" एवढंच. माझ्या बापाच्या वेळेपासून त्यांचं काम आपल्याकडं हाय. त्यानं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

नागूबाई पायऱ्या उतरून पुढं आली. मला वाटलं तोंडावर थुंकंल, आन् थुंकली असती तर मी पुसलं नसतं. ती मोठ्यानं बोलली, मला ऐकू जावं म्हणून. "त्या लेकराला मी रोज शिव्याशाप दिले. त्याला घरी बोलवा. मला त्याला सांगायचंय." आन् माझ्याकडं पाठ करून गेली. वीरेश, मी तिलाबी खोटं सांगितलं. तिचा मालक कशानं गेला हे तिला खरं कळायला पाहिजे होतं, तो तिचा हक्क होता. त्याचं उत्तर वर गेल्यावर अंकुशरावला देईन.

घरी आलो. तुझी अव्वा आधीच येऊन चुलीपुढं बसली होती. भाकर थापत होती. मी हातपाय धुतले, पाटावर बसलो. तिनं ताट ठेवलं, माझ्या कानाशी वाकली, आन् म्हणाली, "तुम्ही माझं लेकरू घालवलंत. आन् रोज माझ्या हातचं जेवत राहिलात."

मी व्हय म्हणलं.

तवापासून ती माझ्याशी बोलंना झाली. वेळेवर वाढते, कपडे धुते, औषधाची गोळी पाण्याबरोबर ठेवते, पण बोलत न्हाई. मी बोललो तर उठून जाते. बहिरा माणूस मी, मला वाटलं होतं बोलणं बंद झालं तर माझं काय जातंय. लई जातंय, वीरेश. ती कानाशी येऊन जे दोन शब्द बोलायची तेवढंच मला दिवसभरात ऐकू यायचं.

पण एक सांगतो. त्या सोमवारनंतर पाण्याचं तिनं एकदाबी विचारलं न्हाई. देवघरात जाते, सोमवार परत धरलाय. देवावरचा तिचा राग गेला, तो माझ्यावर आला. माझ्यावर असलेला बरा, मी तिच्या समोर तरी हाय.

दुकानात काम कमी झालंय. कमिटीनं देवाचं काम माझ्याकडं द्यायचं न्हाई असं ठरवलं, बाकीचे भालकीला जायलेत. जायचंच. आस न तापवता जोडायला सांगणाऱ्याकडं मीबी माझी ट्रॉली दिली नसती. लोक तुझं नाव काढायलेत. पोरगा आला तर त्याच्याकडं टाकू म्हणतात. म्हणून तू ये. गोदामाचा हिशेब मिटव आन् ये. येण्याआधी ती ढकलगाडी जोडून ये, ज्यानं तुला काम दिलं त्याची गाडी तारेवर सोडून येऊ नकोस.

कुणी विचारलं तर एवढंच म्हण, अप्पानं सांगितलं तसं केलं. जास्त बोलायला गेलास की अडकशील. नागूबाईकडं पहिल्या दिवशी जा, तिचं ऐकून घे, तिच्यापुढं रडू आलं तर रड.

पुढं कधी देवाचं काम आलं, तर अव्वाच्या हातचं पहिलं पाणी बंद करू नकोस. ती तांब्या घेऊन येईल, तिला येऊ दे. तू फक्त काम पूर्ण गार झाल्यावरच तिला हाक मार. आधी येऊन उभी राहिली तर म्हण अव्वा, उद्या मुहूर्त चांगला हाय. खरं कारण कधीच सांगू नकोस, मी मेल्यावरबी.

आन् शेवटचं. तू दारात आलास की ती तुला धरून आधी माझंच गाऱ्हाणं सांगंल. म्हाताऱ्यानं असं केलं, तसं केलं, तुझं आयुष्य नासवलं म्हणंल. मी तिथंच ओट्यावर असेन. माझ्याकडं बघू नकोस, डोळ्यात पाणी आणू नकोस. ती म्हणंल त्याला व्हय म्हण. माझी बाजू घेऊ नकोस.

अप्पा